मुलाने लिहिलेले वडिलांचे चरित्र : विन्स्टन चर्चिल यांचे ‘लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल’

प्रास्ताविक

विन्स्टन चर्चिल हे नाव तुम्ही दुसऱ्या महायुद्धाच्या आणि भारताच्या स्वातंत्र्यलढ्याच्या संदर्भात वाचलेले आहे. या घटकात आपण त्यांच्याकडे पंतप्रधान म्हणून पाहणार नाही, चरित्रकार म्हणून पाहणार आहोत. जानेवारी 1906 मध्ये त्यांनी आपल्या वडिलांचे दोन खंडांतील चरित्र लंडनमध्ये मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेतर्फे प्रसिद्ध केले. तेव्हा लेखकाचे वय 31 होते आणि चरित्रनायकाच्या मृत्यूला 11 वर्षे होत आली होती.

इंग्रजीतील राजकीय चरित्रांमध्ये या पुस्तकाला मानाचे स्थान आहे. तरीही ते जसेच्या तसे इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. असे का, हे समजून घेणे हा या घटकाचा उद्देश आहे. आपले प्रतिपादन थोडक्यात असे : या चरित्रातील घटना बहुतांशी खऱ्या आहेत, पण त्या ज्या सूत्रात ओवल्या आहेत ते सूत्र मुलाच्या गरजेतून आलेले आहे. वडिलांच्या विस्कळीत कारकिर्दीला मुलाने एक तत्त्व दिले आणि मग त्या तत्त्वाचा वारसा स्वतःकडे घेतला. हे विधान तपासण्यासाठी आधी चरित्रनायकाची ओळख करून घेऊ.

चरित्रनायक आणि त्यांचे घराणे

लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल यांचा जन्म 13 फेब्रुवारी 1849 रोजी झाला. सातवे ड्यूक ऑफ मार्लबरो हे त्यांचे वडील. ऑक्सफर्डजवळचा ब्लेनहाइम राजवाडा ही घराण्याची गादी. येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. इंग्लंडच्या उमराव घराण्यांत पदवी आणि जमीन थोरल्या मुलाकडे जात असे. धाकट्या मुलाच्या नावामागे ‘लॉर्ड’ लागे, पण ती केवळ सौजन्याची पदवी होती. तिच्यामुळे लॉर्ड्स सभेत जागा मिळत नसे आणि इस्टेटही मिळत नसे. त्यामुळे रँडॉल्फ यांना कॉमन्स सभेत निवडून जाणे शक्य होते आणि स्वतःच्या खर्चाची सोय स्वतःच पाहणे भागही होते.

1874 हे वर्ष त्यांच्या आयुष्यात महत्त्वाचे ठरले. फेब्रुवारीत ते ब्लेनहाइमच्या दाराशी असलेल्या वुडस्टॉक मतदारसंघातून निवडून आले. त्या मतदारसंघावर ड्यूकच्या घराण्याचा जुना पगडा होता. एप्रिलमध्ये पॅरिसच्या ब्रिटिश वकिलातीत त्यांचा विवाह जेनी जेरोम यांच्याशी झाला. जेनी न्यूयॉर्कचे सट्टेबाज भांडवलदार लेनर्ड जेरोम यांच्या कन्या. 30 नोव्हेंबरला ब्लेनहाइममध्येच थोरला मुलगा विन्स्टन जन्मला.

पुढची बारा वर्षे वेगाने जातात. 1876 मध्ये युवराजांशी भांडण झाल्यामुळे लंडनच्या उच्चभ्रू समाजाने रँडॉल्फ यांना वाळीत टाकले. त्यांचे वडील आयर्लंडचे व्हाइसरॉय झाले आणि रँडॉल्फ त्यांचे खाजगी चिटणीस म्हणून डब्लिनला गेले. 1880 मध्ये हुजूर पक्ष, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष, विरोधी बाकांवर आला. तेव्हा ड्रमंड वुल्फ, जॉन गॉर्स्ट आणि काही प्रमाणात आर्थर बाल्फोर यांच्यासह रँडॉल्फ यांनी सभागृहात एक लहानसा कंपू केला. लोक त्याला ‘चौथा पक्ष’ म्हणू लागले. ग्लॅडस्टन यांच्या सरकारवर आणि स्वतःच्या पक्षाच्या मवाळ नेत्यांवर हा कंपू सारखाच तुटून पडत असे. जून 1885 मध्ये रँडॉल्फ भारतमंत्री झाले. ऑगस्ट 1886 मध्ये वयाच्या 37 व्या वर्षी ते अर्थमंत्री आणि कॉमन्स सभेचे नेते झाले. त्याच डिसेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. एकही अर्थसंकल्प त्यांच्या हातून मांडला गेला नाही. त्यानंतर त्यांना पुन्हा मंत्रिपद मिळाले नाही. 24 जानेवारी 1895 रोजी वयाच्या 45 व्या वर्षी, दीर्घ आजारानंतर, त्यांचा मृत्यू झाला.

पाहा, मंत्रिपदाचा एकूण काळ एका वर्षाच्या आसपास भरतो. एवढ्या कारकिर्दीवर दोन जाड खंड लिहिले गेले. म्हणून पहिला प्रश्न असा विचारायला हवा की लिहिणाऱ्याला ते का लिहावेसे वाटले.

चरित्रकाराची गरज

विन्स्टन 20 वर्षांचे असताना वडील गेले. बाप-लेकांत जवळीक फारशी नव्हती. 1893 मध्ये सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात विन्स्टन यांना प्रवेश मिळाला, पण गुण कमी पडल्यामुळे पायदळाऐवजी घोडदळ मिळाले. त्यावर वडिलांनी अभिनंदन करण्याऐवजी कडक शब्दांत खरडपट्टी काढणारे पत्र पाठवले. वडिलांशी मनमोकळे बोलण्याचे प्रसंग किती थोडे आले, याची खंत विन्स्टन यांनी 1930 च्या ‘माय अर्ली लाइफ’ या आत्मकथनात व्यक्त केली आहे. ज्या वडिलांशी बोलता आले नाही, त्यांची कागदपत्रे मुलगा पुढे काही वर्षे वाचत बसला. या पुस्तकातील ऊबेचे मूळ येथे आहे.

पण गरज केवळ भावनेची नव्हती. 1900 मध्ये विन्स्टन ओल्डहॅममधून हुजूर पक्षाचे सभासद म्हणून निवडून आले. मे 1901 मध्ये लष्करावरील वाढीव खर्चाला विरोध करताना त्यांनी सभागृहात वडिलांच्या राजीनाम्याच्या पत्राचा आधार घेतला आणि काटकसरीचे ते निशाण आपण पुन्हा हाती घेत आहोत, असे सुचवले. पुढे आयात मालावर जकात बसवण्याच्या जोसेफ चेंबरलेन यांच्या मोहिमेमुळे त्यांचे पक्षाशी फाटले आणि मे 1904 मध्ये ते लिबरल पक्षाच्या बाकांवर जाऊन बसले. पुस्तकाचे काम याच काळात चालू होते. ते बाहेर आले तेव्हा विन्स्टन लिबरल सरकारात उपमंत्री झालेले होते आणि सार्वत्रिक निवडणूक तोंडावर होती.

आता ही स्थिती डोळ्यांपुढे आणा. ज्याच्यावर जुने सहकारी पक्षद्रोहाचा आरोप करीत आहेत, असा तरुण आपल्या वडिलांचे चरित्र लिहीत आहे. त्या चरित्राचा मथितार्थ असा निघतो की हुजूर पक्षातील लोकाभिमुख विचार रँडॉल्फ यांनी रुजवला, पक्षाच्या जुन्या मंडळींनी त्यांना बाहेर ढकलले आणि म्हणून तो विचार तेथे जगू शकला नाही. हे खरे असेल तर मुलगा पक्षद्रोही ठरत नाही. पक्षानेच आधी त्याच्या वडिलांना आणि त्यांच्या तत्त्वाला सोडले होते. विन्स्टन हे कोठेही उघडपणे म्हणत नाहीत. तशी गरजही नाही, कारण पुस्तकाची रचनाच ते म्हणते.

‘टोरी लोकशाही’ हे सूत्र

पुस्तकाचा कणा म्हणजे ‘टोरी लोकशाही’ ही कल्पना. राजसत्ता, चर्च आणि उमरावसभा या जुन्या संस्था टिकवायच्या असतील तर त्या कामगार मतदारांना आपल्याशा वाटल्या पाहिजेत, असा तिचा आशय सांगता येईल. ही कल्पना डिझरायली यांच्यापासून चालत आली, असे रँडॉल्फ म्हणत. 1883 मध्ये ‘प्रिमरोज लीग’ स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. पक्षाच्या प्रांतिक शाखांच्या ‘नॅशनल युनियन’ या संघटनेला पक्षनेत्यांपासून जास्त अधिकार मिळावेत, यासाठी 1883–84 मध्ये ते लढले. या गोष्टी सूत्राच्या बाजूने जातात आणि चरित्रकार त्या विस्ताराने मांडतो.

विरुद्ध बाजूचा पुरावाही कमी नाही. चार प्रसंग तपासून पाहा.

पहिला, ब्रॅडलॉ प्रकरण. नॉर्दम्प्टनच्या मतदारांनी 1880 मध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ यांना निवडून दिले. ते नास्तिक असल्यामुळे शपथेचा वाद झाला. मतदारांनी निवडलेल्या माणसाला सभागृहाबाहेर ठेवण्याच्या मोहिमेत रँडॉल्फ आघाडीवर होते. लोकशाहीच्या पुरस्कर्त्याला हे शोभते का, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. हेच ब्रॅडलॉ पुढे पार्लमेंटमध्ये भारताची बाजू मांडू लागले आणि 1889 च्या मुंबई काँग्रेसला पाहुणे म्हणून आले.

दुसरा, मताधिकाराचा विस्तार. ग्रामीण मजुरांना मत देण्याला रँडॉल्फ यांनी 1883 च्या अखेरीस जाहीर विरोध केला. पुढे वारा बदलला तसा त्यांनी तो विस्तार मान्य केला.

तिसरा, पक्षसंघटनेचा लढा. 1884 च्या उन्हाळ्यात त्यांनी लॉर्ड सॉल्झबरी यांच्याशी तडजोड केली. त्यानंतर नॅशनल युनियनच्या अधिकारांचा प्रश्न त्यांनी जवळजवळ सोडून दिला. गॉर्स्ट यांच्यासारख्या सोबत्यांना मात्र तो प्रश्न खरोखरच महत्त्वाचा वाटत होता.

चौथा, आयर्लंड. 1885 मध्ये आयरिश नेते पार्नेल यांच्या मतांसाठी रँडॉल्फ यांनी दडपशाहीचे कायदे पुन्हा न आणण्याची बाजू घेतली. ग्लॅडस्टन यांनी आयर्लंडला स्वराज्य देण्याचा विचार पुढे आणताच फेब्रुवारी 1886 मध्ये ते बेलफास्टला गेले आणि अल्स्टरमधील प्रॉटेस्टंटांना प्रतिकाराची चिथावणी देणारे भाषण त्यांनी केले. त्या फुटीची किंमत आयर्लंडने पुढे फार काळ मोजली.

हे प्रसंग एकत्र ठेवले की सलग तत्त्वज्ञानाऐवजी एका अतिशय हुशार, उतावळ्या आणि संधी ओळखणाऱ्या राजकारण्याचे चित्र दिसते. इतिहासकार आर. एफ. फॉस्टर यांनी 1981 मध्ये रँडॉल्फ यांचे जे राजकीय चरित्र लिहिले, त्यात याच दिशेने मूळ कागदपत्रांची तपासणी केली आहे. सूत्र आधी असते की मागाहून लावले जाते, हा प्रश्न कोणतेही चरित्र वाचताना जवळ ठेवा.

राजीनाम्याचे प्रकरण

पुस्तकाचा उत्कर्षबिंदू म्हणजे डिसेंबर 1886 चा राजीनामा. लष्कर आणि आरमार यांचा पुढील वर्षाचा अंदाज मिळून सुमारे 3 कोटी 10 लाख पौंड होत होता. अर्थमंत्री या नात्याने रँडॉल्फ यांनी कपात मागितली. युद्धमंत्री डब्ल्यू. एच. स्मिथ मान्य करीनात. 20 डिसेंबरला राणीचे पाहुणे म्हणून विंडसर किल्ल्यात मुक्काम असताना रँडॉल्फ यांनी पंतप्रधान सॉल्झबरी यांना पत्र लिहिले. पंतप्रधान आपल्याला जाऊ देणार नाहीत, अशी त्यांची अपेक्षा होती. सॉल्झबरी यांनी शांतपणे राजीनामा स्वीकारला आणि थोड्याच दिवसांत गोशेन यांना अर्थमंत्री केले.

चरित्रकार हा प्रसंग काटकसरीच्या तत्त्वासाठी केलेला त्याग म्हणून रंगवतो. वडिलांना जिंकण्याची आशा होती आणि त्यांचा अंदाज चुकला, हेही तो मान्य करतो. मुलाने एवढे मान्य करणे ही प्रामाणिकपणाची खूण आहे. पण त्याने जे एकत्र मांडले नाही ते आपण मांडू. मे 1884 मध्ये रँडॉल्फ यांनी नॅशनल युनियनचे अध्यक्षपद सोडले, तेव्हा सभासदांनी त्यांना पुन्हा निवडले. 1885 च्या उन्हाळ्यात राणी व्हिक्टोरिया यांना आपल्या मुलाची, ड्यूक ऑफ कॉनॉट यांची, मुंबईच्या लष्कराच्या सेनापतिपदी नेमणूक हवी होती. त्याविषयी आपल्या पाठीमागे व्हाइसरॉयशी बोलणे झाले, हे कळताच भारतमंत्री रँडॉल्फ यांनी राजीनामा देऊ केला. त्यांची समजूत काढली गेली आणि त्या वेळी नेमणूक टळली. म्हणजे दोनदा हे हत्यार चालले होते. 1886 मध्ये त्यांनी ते तिसऱ्यांदा उपसले.

हा क्रम दिसला की राजीनाम्याचा अर्थ बदलतो. काटकसरीविषयी त्यांना कळकळ नव्हती, असे नाही. पण ‘माझ्याशिवाय यांचे चालणार नाही’ ही उमराव घराण्यातील माणसाची खात्री त्या पत्रामागे होती. ड्यूक ऑफ कॉनॉट 1886 च्या अखेरीस मुंबईचे सेनापती झालेच. रँडॉल्फ तेव्हा मंत्रिमंडळातून बाहेर पडत होते.

कुटुंबाविषयीचे मौन

घराण्यातील माणूस घराण्याचे चरित्र लिहितो तेव्हा काय वगळतो, हेही वाचावे लागते. 1876 चे युवराजांशी झालेले भांडण पाहा. रँडॉल्फ यांचे थोरले बंधू मार्क्विस ऑफ ब्लँडफर्ड आणि लेडी एल्सफर्ड यांचे प्रेमसंबंध उघडकीस आले. घटस्फोटाचा खटला उभा राहण्याची चिन्हे दिसली. युवराजांनी पूर्वी लेडी एल्सफर्ड यांना लिहिलेली पत्रे रँडॉल्फ यांच्या हाती आली होती. ती उजेडात आणण्याची धमकी देऊन त्यांनी प्रकरण थांबवण्याचा प्रयत्न केला. युवराज संतापले आणि घराण्याला आयर्लंडची वाट धरावी लागली. पुस्तकात हे सारे एका झाकलेल्या परिच्छेदात उरकले आहे. भावाच्या भांडणात पडून एका थोर व्यक्तीची नाराजी ओढवून घेतली, एवढाच आशय वाचकाला मिळतो. 1906 मध्ये तेच युवराज सातवे एडवर्ड म्हणून गादीवर होते, हे ध्यानात घेतले की या संकोचाचे कारण कळते.

दुसरे मौन पैशाविषयी आहे. विवाहाच्या वेळी जेरोम यांनी सुमारे 50,000 पौंडांची तरतूद केली. त्यातील उत्पन्नावर पतीचा अधिकार किती आणि पत्नीचा किती, यावर दोन्ही घराण्यांत बरीच ओढाताण झाली. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचा पूर्ण कायदा व्हायचा होता. तो 1882 मध्ये झाला. अमेरिकन बापाला आपल्या मुलीच्या हाती स्वतःचे काही पैसे असावेत, असे वाटत होते आणि ड्यूकच्या वकिलांना ते विचित्र वाटत होते. याच काळात अमेरिकेतून येणाऱ्या स्वस्त धान्यामुळे इंग्लंडच्या जमीनदारांचे खंडाचे उत्पन्न घसरू लागले. रँडॉल्फ यांचे बंधू आठवे ड्यूक झाल्यावर ब्लेनहाइममधील चित्रे विकावी लागली. राफाएलचे एक चित्र 1885 मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीने 70,000 पौंडांना घेतले. 1895 मध्ये नवव्या ड्यूकनी व्हँडरबिल्ट घराण्यातील कॉन्सुएलो यांच्याशी विवाह केला, तोही अमेरिकन संपत्तीच्या आधारासाठी. उमरावशाहीच्या या आर्थिक घसरणीच्या पार्श्वभूमीवर वाचले तर ‘टोरी लोकशाही’ ही उमरावांना नव्या काळात तगून राहण्याची वाट होती, हे अधिक स्पष्ट होते.

तिसरे मौन स्त्रियांविषयी. जुलै 1885 मध्ये मंत्री झाल्यामुळे रँडॉल्फ यांना वुडस्टॉकमधून पुन्हा निवडून यावे लागले. ते लंडनच्या कचेरीत अडकले होते. प्रचार केला तो जेनी आणि रँडॉल्फ यांच्या भगिनी लेडी कर्झन यांनी. ज्यांना स्वतःला मत नव्हते त्यांनी दारोदार जाऊन मते मिळवली. आयर्लंडमध्ये 1879–80 च्या दुष्काळात मदतनिधी उभारला तो रँडॉल्फ यांच्या आई, डचेस ऑफ मार्लबरो यांनी. पुस्तकात या स्त्रिया येतात, पण कर्त्या पुरुषाच्या सोबतिणी म्हणून. जेनी यांनी 1908 मध्ये स्वतःच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांत त्या सांगतात की पतीच्या राजीनाम्याची बातमी त्यांना सकाळी वृत्तपत्रातून कळली. या एका तपशिलातून त्या घरातील संवादाची जी कल्पना येते, ती चरित्राच्या पानांतून येत नाही.

भारत आणि ब्रह्मदेश : कचेरीच्या खिडकीतून

आपल्यासाठी पुस्तकातील सर्वांत महत्त्वाचा भाग जून 1885 ते जानेवारी 1886 या भारतमंत्रिपदाच्या काळाचा. पद मिळण्याआधीच्या हिवाळ्यात रँडॉल्फ भारत पाहून गेले होते. भारतीय सुशिक्षितांना त्यांच्याकडून काही अपेक्षा होत्या. ऑगस्ट 1885 मध्ये त्यांनी पार्लमेंटमध्ये लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीवर कठोर टीका केली आणि त्या अपेक्षा मावळल्या. रिपन हे भारतीयांमध्ये अतिशय लोकप्रिय व्हाइसरॉय होते. त्याच शरद ऋतूत मुंबईचे नारायण गणेश चंदावरकर, कलकत्त्याचे मनमोहन घोष आणि मद्रासचे सेलम रामस्वामी मुदलियार हे तिघे ब्रिटिश मतदारांपुढे भारताचे म्हणणे मांडण्यासाठी इंग्लंडला गेले.

त्यानंतर ब्रह्मदेश. मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीचा सागवानाच्या तोडीवरून मंडालेच्या दरबाराशी वाद झाला. दरबाराने कंपनीला सुमारे 23 लाख रुपये दंड केला. फ्रान्सचे वजन तेथे वाढेल, ही भीती ब्रिटिशांना होतीच. ऑक्टोबरमध्ये निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरच्या मध्यास फौजा निघाल्या, महिनाअखेर मंडाले पडले आणि 1 जानेवारी 1886 रोजी उत्तर ब्रह्मदेश खालसा झाल्याची घोषणा निघाली. त्यानंतर कित्येक वर्षे तेथे बंडखोरी आणि तिचा बीमोड चालू राहिला.

चरित्रात हा भाग मंत्र्याच्या धडाडीचा पुरावा म्हणून येतो. दृष्टी लंडनच्या कचेरीतली आहे. तारा येतात, निर्णय होतात, काम फत्ते होते. या चौकटीबाहेर काय राहिले ते पाहा. थिबा राजाला राणी सुपयालतसह आधी मद्रासला आणि मग 1886 मध्ये रत्नागिरीला आणले गेले. तेथेच 1916 मध्ये त्यांचा मृत्यू झाला. समुद्राकडे तोंड करून उभा असलेला थिबा पॅलेस आजही कोकणात पाहता येतो. रँडॉल्फ यांच्या कारकिर्दीचा हा सर्वांत टिकाऊ अवशेष आहे आणि तो चरित्राच्या दोन्ही खंडांच्या दृष्टीपलीकडे आहे.

आणखी एक विसंगती नोंदवा. डिसेंबर 1885 मध्ये मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत विद्यालयात काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. जमलेल्या 72 प्रतिनिधींनी उत्तर ब्रह्मदेश खालसा करण्याविषयी नापसंती दर्शवली. लष्करावरील वाढता खर्च अनावश्यक आहे, असाही ठराव त्यांनी केला. हा खर्च भारताच्या तिजोरीतून व्हायचा होता आणि लष्कर वाढवण्याचे धोरण रँडॉल्फ भारतमंत्री असताना पुढे गेले होते. बरोबर एका वर्षानंतर हेच गृहस्थ ब्रिटिश करदात्याच्या पैशावरील लष्करी उधळपट्टीच्या निषेधार्थ पद सोडतात. काटकसरीचे तत्त्व टेम्स नदीकाठी लागू होते आणि हुगळीकाठी होत नव्हते. मुलाने 1901 मध्ये जे निशाण पुन्हा उचलले, त्याची ही दुसरी बाजू.

पुस्तकाचे गुण

टीका करताना गुण विसरू नयेत. या पुस्तकाचे तीन गुण ठळक आहेत. एक, चरित्रकार पत्रे आणि टिपणे भरपूर व विस्ताराने देतो. त्यामुळे त्याच्याच सूत्राला आव्हान देण्याची सामग्री वाचकाच्या हाती येते. आपण वर केलेली काही तपासणी त्यामुळेच शक्य झाली. दोन, पार्लमेंटच्या कामकाजाचे वर्णन. कोणता प्रस्ताव कोणत्या क्षणी मांडला म्हणजे सरकार अडचणीत येते, हे त्याच सभागृहात बसलेला लेखक जाणकारीने सांगतो. तीन, संयम. विन्स्टन यांच्या पुढील लेखनात जो अलंकारिक डौल येतो, तो येथे आटोक्यात आहे. स्वतःला त्यांनी जवळजवळ पूर्णपणे बाजूला ठेवले आहे. मात्र मुलगा पुस्तकात दिसत नाही म्हणून तो तेथे नाही, असे समजू नका. घटनांची निवड आणि त्यांचा क्रम त्याचाच आहे.

त्याच वर्षी माजी पंतप्रधान आणि रँडॉल्फ यांचे मित्र लॉर्ड रोझबरी यांनीही त्यांच्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. मित्राच्या लेखनात स्वभावाचे चढउतार मोकळेपणाने येतात. शेवटच्या वर्षांत सभागृहात बोलताना शब्द हरवणाऱ्या रँडॉल्फ यांचे दुःख दोन्ही पुस्तकांत आहे. मित्र ते दुरून पाहतो. मुलाला त्या दुःखाला अर्थ द्यायचा आहे.

समारोप

या घटकाच्या आधारे चरित्र वाचण्याची एक पद्धत हाताशी येते. चरित्रकाराला हे चरित्र कोणत्या वेळी आणि कशासाठी हवे होते, हे आधी पाहावे. मग त्याने लावलेले सूत्र बाजूला ठेवून घटना कालक्रमाने पुन्हा मांडाव्यात. शेवटी, चरित्रनायकाच्या निर्णयांचे परिणाम ज्यांनी भोगले त्यांच्या जागेवरून तीच पाने वाचावीत. या तीन पायऱ्या केल्या म्हणजे चरित्र खोटे ठरते असे नाही. ते कोणाचे आहे, हे कळते.

चर्चिल घराण्यात ही परंपरा पुढेही चालली. विन्स्टन यांनी 1947 मध्ये ‘द ड्रीम’ हा छोटा मजकूर लिहिला. त्यात चित्र रंगवीत बसलेल्या मुलासमोर वडील येतात आणि जगात काय काय घडले ते विचारतात. मुलगा सारे सांगतो, पण त्यात आपण स्वतः काय केले ते मात्र सांगत नाही. हा मजकूर त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. पुढे विन्स्टन यांचे अधिकृत चरित्र त्यांच्याच मुलाने सुरू केले. त्याचेही नाव रँडॉल्फ. 1966 आणि 1967 मध्ये दोन खंड काढून तो 1968 मध्ये वारला आणि उरलेले काम इतिहासकार मार्टिन गिल्बर्ट यांनी पूर्ण केले. विन्स्टन यांना 1965 मध्ये ब्लेनहाइमजवळच्या ब्लेडन गावी वडिलांच्या शेजारी पुरण्यात आले. वडिलांना जे आयुष्यभर सांगता आले नाही, ते सांगण्यासाठी मुलाने दोन खंड लिहिले. त्या पानांतील माया खरी आहे. वाचक म्हणून आपण ती मान्य करावी आणि तपासणीही सोडू नये.

विचारासाठी प्रश्न

1. रँडॉल्फ चर्चिल यांचे तीन राजीनामे शेजारी ठेवून पाहिल्यास 1886 च्या राजीनाम्याचा अर्थ कसा बदलतो?

2. ‘टोरी लोकशाही’ या सूत्राला पाठिंबा देणारे आणि विरोध करणारे प्रत्येकी दोन पुरावे सांगा.

3. तुमच्या भाषेत मुलाने, मुलीने, पत्नीने किंवा शिष्याने लिहिलेले एक चरित्र निवडा. त्यातील एक मौन शोधा आणि त्याचे कारण काय असावे, याची चर्चा करा.